दिव्याचा राहिलेला तुकडा

ता. ३, मंगळवार

ही वही तिची, माझ्या बायकोची. शाळेतून दरवर्षी एक मिळायची, ही कोरी राहिली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान लिहा तरी." मला लिहायची सवय आहे ती मापांची. काच किती लांब, किती रुंद, किती जाड, कुणाच्या घरी. जे झालं ते तसंच लिहीन.

येत्या बावीस तारखेला सण. गेल्या सणाला तिला मार बसला आणि नवव्या दिवशी दवाखान्यातच तिचा जीव गेला.

सणाला प्रार्थनाघराच्या अंगणात त्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचतात. एकेक नाव घेतलं की सगळे मिळून म्हणतात, "इथेच आहे." बावीस वर्षं ही नावं तीच वाचत होती. शाळेतल्या बाईंचा आवाज, शेवटच्या भिंतीपर्यंत जायचा. देव तिनं कधी मानला नाही, मीही नाही. आम्ही ते लपवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. ती म्हणायची, "नाव घ्यायला देव कशाला लागतो? तोंड लागतं." मी तिच्या हातातल्या दिव्याची काच पुसून द्यायचो आणि मागच्या भिंतीला जाऊन उभा राहायचो. उत्तरात मी कधी आवाज मिसळला नाही. खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी कागदावरची नावं संपल्यावर तिनं आणखी एक नाव घेतलं. माझ्या मित्राच्या धाकट्या बहिणीचं. त्या बाईनं गच्चीवरून उडी घेतली होती. स्वतःहून गेलेल्यांचं नाव वाचायचं नाही असा प्रार्थनाघराच्या मंडळाचा नियम आहे. मित्र सगळ्यांना सांगत होता की कपडे वाळत घालताना पाय घसरला. लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की खरं काय ते बोलायचे.

अर्ध्या लोकांनी सवयीनं "इथेच आहे" म्हणून टाकलं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. कुणीतरी ओरडलं, "ए बाई, तू देव मानतेस का?"

ती म्हणाली, "नाही मानत. माणसं मानते."

मग लोक पायऱ्या चढले. मला भिंतीशीच पाडलं होतं. मानेवर कुणाचा तरी गुडघा होता आणि मला फक्त चपला-बूट दिसत होते. कुणीतरी तिच्या हातातला दिवा हिसकावला आणि तोच तिच्या डोक्यात घातला. तो आवाज मी ओळखला. जाड काच फुटताना आधी दबका येतो, मग खणखणीत. पायऱ्यांवर चाळीस जण होते, पण पाहिलं कुणीच नाही. पोलिसांनी आठ महिन्यांनी प्रकरण बंद केलं आणि दिव्याचे तुकडे पिशवीत घालून परत दिले.

ता. ५, गुरुवार

दिवा जोडतो आहे. एकूण एकसष्ट तुकडे. जुनी काच, हिरवट झाक, साडेतीन मिलिमीटर, गोलाई चांगली. साठावा आज बसला. एक नाही, वरच्या कडेचा. नखाएवढा, तीन कोनांचा. पोलिसांनी अंगण झाडून आणलं होतं, पण तो सापडला नसेल.

संध्याकाळी चावी आला. हाच तो मित्र. कुलपं करतो, म्हणून चावी. मी त्याचा काचराव. शाळेपासूनचं आहे हे. ती गेल्यापासून एक दिवसाआड येतो. माझ्या मागच्या दाराला त्यानं नवं कुलूप बसवून दिलं, दुकानाच्या शटरला बसवलं, पैसे घेतले नाहीत.

"काय काचराव, जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं. भांडी कोरडी आहेत." मग त्याची नजर दिव्यावर गेली. "अजून तेच का? राहू दे ना रे आता तो दिवा. वहिनी परत येणार आहे का त्यानं?"

"एकच तुकडा राहिलाय."

"मिळायचा नाही तो. फेकून दे."

आणि एकदम रडायला लागला. मी चहा टाकला. बिचारा. त्या दिवशी तो पुढच्याच रांगेत होता, त्यालाही चार तडाखे बसले असणार. पण कधी बोलून दाखवत नाही.

ता. ८, रविवार

मंडळात अर्ज दिला. तिचं नाव यंदाच्या यादीत घ्यावं, एवढंच एका ओळीत. अध्यक्षांची लाकडाची वखार आहे, तिथेच बसले होते.

"आमच्यात दोघांची नावं घेत नाहीत," ते म्हणाले. "स्वतः जीव देणाऱ्यांची, आणि न मानणाऱ्यांची."

"बावीस वर्षं तुमची नावं तिनंच घेतली."

"म्हणून तर फसवलं गेल्यासारखं वाटतं लोकांना. माझ्या आईचं नाव तुझ्या बायकोनं घेतलं. मी रडलो होतो त्या दिवशी, माहीत आहे? आणि हिच्या मनात काही नाहीच!"

मी म्हटलं, "तिच्या मनात तुमची आई होती. तापात ती शिरा करून पाठवायची तिला."

त्यांनी टेबलावरचा भुसा हातानं झाडला. मग म्हणाले, "एक करता येईल. सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभा राहा आणि म्हण, मी मानतो. मोठ्यानं. बायकोचं पाप नवऱ्यानं फेडलं असं समजू आम्ही. मग घेऊ नाव."

उठताना मागून म्हणाले, "अन् हो, खिडक्यांची नऊ तावदानं फुटलीयत गेल्या वर्षीच्या गोंधळात. माप तुझ्याकडेच आहे. सणाआधी बसव."

मी हो म्हटलं. कशाला म्हटलं, माहीत नाही. तावदानं माझीच होती, मी बसवलेली.

ता. ९, सोमवार

आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिलं. मी मानतो. दोन शब्द. तिसऱ्या वेळी आरशाला पाठ केली. तिचं नाव त्या अंगणात ऐकायला मी एवढंही करू शकत नाही का? आणि केलं तर ती काय म्हणाली असती? हसली असती बहुतेक. म्हणाली असती, "तुझा आवाज भिंतीपर्यंत जायचा नाही."

ता. १२, गुरुवार

पहिलं तावदान घेऊन जात होतो. चार फूट बाय अडीच. काच घेतलेला माणूस पळू शकत नाही, हात मोकळा करू शकत नाही, वळायचं तरी आधी मागे पाहावं लागतं. हे त्या तिघांना माहीत असावं. समोरून आले. एकाच्या हातात पाइपाचा तुकडा होता.

"नास्तिकाच्या हातची काच आम्हाला नको."

मी म्हटलं, "काचेला कळत नाही ते."

त्यानं मध्यभागी मारला. मी सोडली नाही, हीच चूक. सोडली असती तर खाली पडून फुटली असती. माझ्या हातात फुटली. डाव्या हाताचं कातडं मनगटापासून वर सालीसारखं निघालं. दुसऱ्यानं पोटात लाथ घातली आणि मी त्या तुकड्यांवरच बसलो. समोरच्या न्हाव्यानं दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

चावीनंच दवाखान्यात नेलं. अकरा टाके. बाहेर बाकावर बसून डोकं धरून म्हणत होता, "थांबतच नाही रे हे. थांबतच नाही." मला उलट त्यालाच धीर द्यावा लागला.

ता. १५, रविवार

काल मुलगी आली. हात पाहून रडली, मग मला ओरडली, मग पूर्ण स्वयंपाकघर घासून काढलं. आईसारखीच. राग आला की घासायला घेते.

आज दुकान आवरताना तिला माझ्या काड्यापेट्या सापडल्या. ज्या म्हाताऱ्यांकडे मी काम शिकलो त्यांची ही सवय. अंगातून काढलेली काच फेकायची नाही. पायाखाली येते, पोटात जाते. पेटीत ठेवायची, वर तारीख, कुणाची, कुठून काढली. गल्लीत कुणालाही काच घुसली की तो माझ्याकडेच येतो, डॉक्टरपेक्षा माझा चिमटा बारीक. फळीवर सत्तरेक पेट्या आहेत. तिची आई त्याला माझं संग्रहालय म्हणायची.

मुलगी एकेक वाचून हसत होती. "न्हावी, अंगठा. अध्यक्षांची सून, टाच. बाबा, अध्यक्षांच्या सुनेची टाच! आई, पोटरी, दोन तुकडे." मग हसणं थांबलं. "चावी, उजवा तळहात, वक्र. वक्र म्हणजे?"

"गोल काच. खिडकीची सपाट असते. बाटली फुटली त्याच्या हातात."

"बाटली एवढी जाड असते?"

"असते एखादी."

तिनं पेटीवरची तारीख मला वाचून दाखवली. दोनदा.

"हो," मी म्हटलं, "तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा. तशातही मी वेळ काढून त्याचा हात साफ केला. चांगलं पिकलं होतं, सांगायला लाजत होता येडा."

तिनं ती पेटी बंद केली आणि हातात धरून ठेवली. जेवलीही नाही. माझं काय चुकलं कळलं नाही.

ता. १६, सोमवार

सकाळी मुलगी म्हणाली, "काका इतके का येतात हो आपल्याकडे?"

"मित्र आहे माझा."

"पूर्वी यायचे एवढे? आई असताना?"

मी तिला गप्प केलं. त्याच्या बहिणीचं नाव तुझ्या आईनं घेतलं, त्या माणसाची भर अंगणात शोभा झाली, तरी तो येतो, यातच सगळं आलं, असं म्हटलं. तिनं घासलेली कढई परत घासायला घेतली.

दुपारी उरलेली तावदानं बसवायला गेलो. मुलगी सोबत होती, एका हातानं मला काच उचलत नव्हती. रंगारी शिडीवर उभा राहून भिंत रंगवत होता. वरून म्हणाला, "नीट बसव हां. गेल्या सणाला तुझ्या बायकोचं डोकं याच पायरीवर फुटलं, पायरी चार वेळा धुवावी लागली मला. डाग जात नव्हता."

मी शिडीचा पाय ओढला. तो खाली आला. मग माझ्या हातात काच कापायची पट्टी होती, लोखंडी, तीन फुटी, ती मी त्याच्या तोंडावर मारली. दात पडले. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, तरी मारली. तिसऱ्यांदा मुलीनं हात धरला. त्या सगळ्यात माझा श्वासही वाढला नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण रात्रभर मला त्याचंच नवल वाटलं.

पट्टी पुसून मी पुढचं तावदान बसवलं. रेषेत बसलं.

ता. १८, बुधवार

मुलगी गेली. रजा नाही. दारात म्हणाली, "बाबा, काकांना आईचं नाव वाचायला सांगू नका." यंदा वाचायचं काम मंडळानं चावीला दिलं आहे.

"का?"

"नका सांगू." मग म्हणाली, "मला एक गोष्ट बोलायची होती. पण सोमवारी तुमचा हात पाहिला मी. तुम्ही काहीतरी करून बसाल."

"रंगाऱ्याला? झालं ते झालं."

तिनं मला मिठी मारली. असं ती करत नाही.

जाताना तिनं सगळ्या पेट्या नीट लावल्या होत्या, एकच तेवढी दिव्याशेजारी विसरली होती. मी ती फळीवर जागेवर ठेवली.

ता. १९, गुरुवार

चावी आला. खुर्चीवर बसला नाही, उभाच.

"तू नाही म्हणायचंस, काचराव. मी मानतो बिनतो काही बोलायचं नाही. वहिनीचं नाव मी घेतो."

"यादीत नाही ते."

"यादी माझ्या हातात असणार ना? शेवटी घेईन. बहिणीचंही घेईन. आधी तिचं, मग वहिनीचं."

"मारतील तुला."

"मारू देत." आणि हसला. वर्षभरात पहिल्यांदा नीट हसला. "कुणीतरी मारायलाच हवं मला."

मी त्याच्या पाया पडायचाच राहिलो. हातात हात घेतला तर त्यानं उजवा हात सोडवून घेतला. मुलीचं बोलणं त्याला सांगितलं नाही. तिला माणसं ओळखता येत नाहीत अजून.

ता. २३, सोमवार

काल सण. 

अंगण भरलं होतं. मी मागच्या भिंतीलाच उभा होतो, माझ्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. शेजारीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला यायला नको होतं आज." मी म्हटलं, "सण आहे." ती म्हणाली, "आमचा आहे."

चावीनं सगळी नावं वाचली. त्याचा आवाज भिंतीपर्यंत येत नव्हता. कागद खाली ठेवला. मग बहिणीचं नाव घेतलं. कुणी उत्तर दिलं नाही, सवयीनंसुद्धा नाही. यंदा सगळे तयारीत होते.

मग त्यानं तिचं नाव घेतलं. पूर्ण, माहेरच्यासह.

एवढ्या माणसांत एवढी शांतता मी ऐकली नव्हती. आणि माझ्या तोंडून निघालं, "इथेच आहे!" मी ओरडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खोटं वाटलं नाही.

पुढचं भराभर झालं. अध्यक्ष हात वर करून "थांबा, थांबा" म्हणत होते, त्यांनाच ढकलून लोक पायऱ्या चढले. रंगारी पहिला होता, तोंडाला पट्टी बांधलेली. चावीनं हातही वर केले नाहीत. कुणीतरी लाकडी बाकाचा पाय उपटून त्याच्या बरगड्यांवर मारला, मोडल्याचा आवाज आला. दोघांनी केस धरून त्याचं डोकं माझ्याच तावदानातून आरपार घातलं, परत ओढलं, परत घातलं. भिंतीला टेकवलेली रंगाऱ्याची शिडी आडवी धरून मी गर्दीत घुसलो. कुणाच्या गळ्यावर बसली, कुणाच्या छातीवर, पाहिलं नाही. एकाच्या बोटांवर उभा राहिलो आणि हललो नाही. माझ्या हाताचे टाके उसवले, त्यामुळे सगळं निसरडं झालं होतं. चावीला कॉलरला धरून पायऱ्यांवरून ओढत आणला आणि हातगाडीत टाकला, जिच्यातून काचा नेतो. दगड येत होते. दगडांना मी पाठ दिली.

दवाखान्याच्या दारात मंडळाची माणसं उभी होती. म्हणून घरी आणलं. आतल्या खोलीत, तिच्या पलंगावर झोपवला. चेहऱ्यातून, मानेतून, टाळूतून तेवीस तुकडे काढले. दिवस मावळेपर्यंत पुरले. सपाट काच, चार मिलिमीटर, माझीच.

मधेच तो म्हणाला, "गेल्या वर्षीही तूच काढला होतास."

"बोलू नकोस. ओठाला टाका घालतोय."

"सगळे माझ्याकडे बघत होते रे. तिनं नाव घेतलं आणि सगळे वळून माझ्याकडे..."

ताप चढला होता. बडबड चालली होती. मी त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि म्हटलं, "तू तिचं नाव घेतलंस. हे मी विसरणार नाही." त्यावर तो डोळे मिटून इतका हमसून रडला की टाका तुटला.

ता. २४, मंगळवार

सकाळी तेवीस तुकडे पेटीत घातले. वर लिहिलं, चावी, डोकं व मान. फळीवर त्याची जुनी पेटी होती, म्हटलं शेजारी ठेवू. जुनी उघडून पाहिली. का उघडली, सांगता येणार नाही. काल दिवसभर त्याचीच काच हाताळत होतो, जाडी बोटांत बसली होती, तेवढंच असेल.

हिरवट झाक. साडेतीन मिलिमीटर. गोलाई. तीन कोन.

दिव्याच्या कडेला लावला. बसला. डिंकही लागला नाही.

नंतर किती वेळ गेला माहीत नाही. पोरीला फोन केला. तिनं उचलला तेव्हा म्हटलं, "तुकडा बसला."  मग ती म्हणाली, "बाबा, तुमच्या हातात काय आहे?"

लोखंडी पट्टी होती. मला माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, "काही नाही."

"ठेवा ती."

पट्टी, काच कापायचा हिरा, हातोडी, सगळं बाहेर दुकानात ठेवून आलो. शटर ओढलं आणि कुलूप लावलं, त्यानंच केलेलं. किल्ली खिडकीतून रस्त्यावर टाकली. मागचं दार उघडं ठेवलं आहे. पोलीस आले तर तिथून येतील. पोरगी त्यांना फोन करते म्हणाली. मी नको म्हटलं नाही.

आता दुपार आहे. दिवा पलंगाजवळ स्टुलावर ठेवला आहे, पेटवून. एकसष्ट तुकडे, एकही कमी नाही. कडेनं उजेड थोडा तुटक पडतो. स्टुलापलीकडे खुर्ची टाकून मी बसलो आहे, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून. लिहिण्यापुरता एक काढतो, परत दाबतो.

तो हलतो आहे. डोळे उघडेल तेव्हा त्याला आधी दिवा दिसेल, मग मी. मी एवढंच सांगणार आहे, की तिचं नाव पुन्हा घे. इथे, मला ऐकू येईल असं. आणि त्यानंतर त्या संध्याकाळचं सगळं.

नाव घेतलं की उत्तर मी देईन.